शेपटीकडून

वुल्व्हरहॅम्प्टनच्या इस्पितळात, तळघरात,
बॉयलरला पाठ लावून
मी पहिली नोकरी केली. फायली लावायची.

मॉरीन ट्रँटर म्हणाली, इथे नंबर शेपटीकडून वाचायचा.
आधी शेवटचे दोन आकडे, मग मधले, मग पहिले.
नव्या पोरींना महिना लागतो. काही रडतात.

मी संध्याकाळपर्यंत शिकले.
तिला कसं सांगणार, की माझ्या भाषेत
त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो, साठ मागून;
पंचेचाळीसात पाच पुढे पळतो
आणि चाळीस त्याचं दप्तर घेऊन मागे.
शेपटी धरून चालणं
मी पाढ्यांबरोबरच गिळलं होतं.

असं का लावायचं? तर ओळीने लावलं
की यंदाची आजारी माणसं
सगळी एकाच टोकाला दाटी करतात.
शेवट मात्र शंभर कप्प्यांत
सारखा वाटला जातो.
हे मॉरीन चहात बिस्किट बुडवत म्हणाली,
आणि बिस्किट तुटून पडलं, त्याचंच तिला वाईट वाटलं.

मग घरीही मी तेच सुरू केलं.
झोप येत नसे तेव्हा दिवस उलटा लावायचा:
दाराची कडी. गॅसचं बटण.
बसमध्ये शेजारी बसलेला, ओल्या लोकरीच्या वासाचा माणूस.
त्याआधी काय, त्याआधी काय,
दुपारच्या अलीकडेच डोळा लागे.
अशा किती सकाळी
माझ्याकडे न लावता पडून आहेत.

दुसरा नियम लाल पुठ्ठ्याचा.
फाईल काढली की तिच्या जागी पुठ्ठा खोचायचा:
कोणी नेली, कधी, कुठे.
रिकामी जागा ठेवू नकोस, मॉरीन म्हणे,
शेजारच्या फायली ती रात्रीत खाऊन टाकतात.

एकदा माझा एक शब्द गेला.
आत्याकडे कोपऱ्यात मडक्यावर मडकं,
तळाला रांजणाएवढं, माथ्यावर मुठीएवढं,
त्या अख्ख्या रचनेला म्हणतात तो शब्द.
नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, रॅक?
फोन करून विचारता आलं असतं.
पण मी डोक्यात लाल पुठ्ठा खोचला:
नेणारा माहीत नाही. मार्च. बहुतेक वॉल्सॉलच्या बसमध्ये.
आणि जागा धरून ठेवली. अकरा वर्षं.

मग फायली स्कॅन झाल्या, तळघर रिकामं करायला घेतलं.
मॉरीन तेव्हा निवृत्त होऊन टेटनहॉलला
गुलाब लावत होती, उंचीप्रमाणे.
खोकी न्यायला आलेला डीन नावाचा पोरगा
आपल्याच नादात, शीळ घालत
थोरल्यावर मधलं, मधल्यावर धाकटं ठेवत गेला,
आणि मी मोठ्याने म्हणाले: उतरंड!

तो दचकला. सॉरी म्हणाला. खोकी खाली काढू लागला.
राहू दे, राहू दे रे, म्हटलं.

मांडण्यांवर आता फायली नव्हत्या,
लाल पुठ्ठे तेवढे उभे होते, ओळीने,
न परतलेल्यांची नावं सांगत.
एकावर मॉरीनचं अक्षर:
डॉक्टर व्हिटमोर, दोन दिवसांसाठी. साल अठ्ठ्याऐंशी.
त्याच्या पाठीवर मी शब्द लिहिला
आणि पुठ्ठा पर्समध्ये टाकला. चोरीच म्हणायची.

अजून तो फ्रिजवर चुंबकाखाली आहे.
कुठे लावावा, ठरत नाही.
शेपटीकडून गेलं तर ड-च्या कप्प्यात,
पण तिथे आधीच दाटी आहे:
झाड, पापड, निवड,
आणि थोडंसं वेड.