हवा

गाडी शहाण्णव सालची.
आधी एका सिनेमावाल्याची मेकअपची व्हॅन,
मग चार वर्षं उचगावात बाभळीखाली, कोंबड्यांची.
मी घेतली तेव्हा आरशाभोवतीच्या बारा बल्बांतले तीन लागत होते,
इंजिन लागत नव्हतं.

"सिस्टर, ह्यात ऱ्हायचं म्हंता?"
दस्तगीर शिकलगार, उद्यमनगरात, लेथच्या किरकिरीवर आवाज चढवून.
म्हटलं, सीपीआरला एकतीस वर्षं रात्रपाळी केली.
झोप तशीही येत नाही.
मग एकाच जागी जागी कशाला राहू?

तो हसला नाही. पाच पोरांनी धक्का मारून
एकदाची ती धडधडली, तेव्हा त्यानं लांब स्क्रूड्रायव्हर घेतला,
टोक इंजिनाच्या अंगाला, मूठ कानाला.
मी ओळखलं. छातीला नळी लावल्यावर डॉक्टरही असेच
छताकडं बघत उभे राहतात.
"तिसऱ्यात खोकला हाय," म्हणाला.

उघडल्यावर निघतच गेलं.
नोझल, हेड गॅस्केट, मागचा एक मोडका पाटा,
सिंकखाली पिसांचा बोळा,
आणि छताच्या पत्र्याला भोकं, जी मी एका बुधवारी
पाईपनं पाणी मारून, आत बसून मोजली.
अठरा.
भावाचा फोन आला, रंकाळ्यावरून:
"ताई, एवढ्यात फ्लॅटचं बुकिंग झालं असतं."
फोन खांद्यात धरून मी गंज घासत होते.
झालं असतं, म्हटलं.

डिझेलच्या लाईनीत हवा धरते.
एवढासा बुडबुडा, आणि अख्खी गाडी मुकी.
दस्तगीर हातवारे करून समजावत होता
आणि मला हसू येत होतं.
सलाईनच्या नळीला टिचक्या मारत
किती बुडबुडे वर घालवले असतील मी,
कुणाकुणाच्या उशाशी, पहाटे तीनला.
"द्या तो पाना."
त्यानं आधी तो पुसला. मग पोरांकडं बघितलं.
मग दिला. सतराचा.

नट अर्धाच सैल करायचा. अंगठ्यानं प्रायमर दाबत राहायचं.
आधी फेस येतो, फुसफुसतो,
मग फेसात धार,
मग नुसती धार.
तेव्हा आवळायचं, आधी नाही.
बऱ्याच गोष्टी मी फेस असतानाच आवळल्या.

नोव्हेंबरात करूळ घाट चढून येताना
गगनबावडा दोन वळणांवर राहिला असता ती गप्प झाली.
मागं जांभ्या चिऱ्यांचा ट्रक. ड्रायव्हर उतरून आला.
"मावशी, गाडी कोण चालवतंय?"
"बॅटरी धर," म्हटलं.
त्यानं धरली. हात त्याचाच थरथरत होता,
खाली दरी, वर धुकं, आणि माझ्या बाहीवर
डिझेलची ती सरळ, स्वच्छ पिचकारी.
दुसऱ्या चावीला पांढरा धूर.
तो काही बोलला नाही, बॅटरी मात्र परत द्यायची विसरला.

अजूनही महिन्यातले चार दिवस ती ह्याच गल्लीत असते.
"गळतंय बघा," मी खालचा डाग दाखवते.
"सिस्टर, जुन्या इंजिनाखाली डाग दिसला न्हाई
तर घाबरायचं. आत ऑइलच नसंल."

रात्री लेथ थांबतात. पलीकडं कुणाची तरी भट्टी चालू,
पडद्यावर लाल उजेड हलतो.
आरशाचे आता पाच बल्ब लागतात.
गालावर ग्रीस. असू दे.
थर्मासमधला चहा ओतून मी कान देते:
थंड होताना इंजिन टिकटिकतं,
दोन टिकटिकींतलं अंतर वाढत जातं,
वॉर्डात सात नंबरची बाई झोपी गेली की
तिचा श्वास वाढत जायचा तसं.
पुढची टिक येते का, ऐकत बसते.
मधेच कधीतरी
मला डुलकी लागते.