शेऱ्याचा रकाना

एरवी कुपवाडच्या आमच्या लॅबमध्ये हळदच येते.
कर्क्युमिन किती, शिसं किती, ओल किती.
ॲप्रनचे खिसे कायमचे पिवळे,
डब्यातली भाकरीसुद्धा.

या आठवड्यात मात्र दोन नमुने प्रोपोलिसचे.
साहेब म्हणाले, हे कसलं औषध?
मी म्हटलं, औषध नंतर, आधी ती लांबी आहे.
माशी झाडाचा डिंक आणते, मेणात मळते
आणि पेटीच्या फटी बुजवते.
आत शिरून मेलेला उंदीर ओढून काढता आला नाही
तर त्यालाही याच्यातच लिंपते, सडू देत नाही.
साहेबांनी चहा खाली ठेवला.

पहिला नमुना: साठ कॅप्सूल, सोनेरी झाकण,
लेबलवर षटकोन, षटकोनात माशी,
माशीला हसू.

दुसरा: लोणच्याची बरणी,
आटपाडीहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती आलेली.
तोंडाला सुतळी, सुतळीत चिठ्ठी:
'डाळिंबाच्या बागेतल्या पेट्यांतला आहे. उलथन्यानं खरडलाय.
यात गुण किती ते कळवावे. मायाप्पा ऐवळे.'
आत काळपट ढेकळं,
दोन पंख, एक पाय, लाकडाचा भुगा.
झाकण फिरवलं तर
हळदीच्या वासाला बाजूला सारून
आंब्याचा चीक खोलीभर.

गोठवलं, कुटलं, अल्कोहोलात रात्रभर ठेवलं.
गाळून कॉलमवर चढवलं आणि वाट पाहिली.
वाट पाहणं हे आमचं अर्धं काम,
उरलेलं अर्धं सह्या.

कॅप्सूलची शिखरं फूटपट्टीने आखल्यासारखी.
फ्लेव्होनॉइड मागितल्याच्या दुप्पट.
आणि सातव्या मिनिटाला एक बारकं शिखर,
जे तिथं नको होतं.
सॅलिसिन.
पुन्हा चालवलं. पुन्हा सातवं मिनिट.

सॅलिसिन पॉप्लरच्या कळ्यांत असतं.
माशीने डिंक चावला, लाळ लागली,
की ते तुटतं, उरत नाही.
इथे उरलंय, अगदी ताठ उभं.
म्हणजे कुठल्याशा थंड मुलखातल्या कळ्या
कुणीतरी पातेल्यात उकळल्या, वाळवल्या, भरल्या.
माशी मध्ये आलीच नाही.

पण फॉर्मला सॅलिसिनचा रकाना नाही.
फॉर्म विचारतो फ्लेव्होनॉइड, ओल, राख, जड धातू.
चारही पास.

बरणीचं उलटं.
फ्लेव्होनॉइड बेताचं, मेण फार,
आणि शिसं (तीनदा मोजलं) मर्यादेबाहेर.
फोन केला.
'पेट्यांना रंग कुठला दिलाय?'
'गाडीचा उरलेला ऑइलपेंट, ताई. निळा. जुना डबा हुता. का वो?'
सांगितलं.
पलीकडे बराच वेळ नुसती गुणगुण,
पेट्यांपाशीच उभे असावेत.
'म्हंजे तिनं घावलं ते लावलं.'
हो. उन्हात मऊ झालेला रंग
तिने डिंक समजून कुरतडला,
तोंडात घेतला, मळला, घर बंद केलं.
'मग तिला काय हुईल?'
त्याची चाचणी आमच्याकडे होत नाही, म्हणाले.
ते म्हणाले, बरं.

नापास लिहिलं. हात आखडला नाही,
शिसं ते शिसं, कुणाच्याही बरणीतलं.
मग दुसरा कागद ओढला.
तळाला शेऱ्याचा रकाना असतो,
तो आडवी रेघ मारून सोडायची आमची पद्धत.
तिथे लिहिलं: सॅलिसिन आढळले.
या पदार्थाला माशीचे तोंड लागल्याची खूण नाही.

साहेबांनी चष्मा वर केला.
'त्यांनी विचारलंय का हे?'
'नाही.'
'मग?'
बोटाला बरणीतलं चिकटलेलं होतं.
ते साबणाने जात नाही.
मी अल्कोहोलचा बोळा शोधत राहिले,
कागद टेबलावर तसाच, सहीसकट.

संध्याकाळी आटपाडीहून निरोप:
सगळ्या पेट्या तासायला काढल्यात, कोऱ्या लाकडापर्यंत.
बरणी धुवून परत पाठवा,
हस्त बहाराला लागेल.