पीळ

अमोसचं नाव हजेरीवहीत नव्हतं.
ठेकेदार म्हणाला, आदमी हमारा था ही नहीं,
आणि गालातली सुपारी दुसऱ्या गालात सरकवली.
परदेशीपुऱ्यातल्या त्या गटाराच्या तोंडाशी
माझ्या भावाच्या चपला मात्र होत्या,
एकीवर एक, तो नेहमी ठेवायचा तशा.

समोरच्या भिंतीवर ताजा रंग,
शहराच्या पहिल्या नंबराचं चित्र.
कचरागाडी गाणं वाजवत आली,
ओला वेगळा, सुका वेगळा, सांगून गेली.
माझ्या घशाशी जे आलं होतं
ते कुठल्या डब्यात टाकायचं, हे नाही सांगितलं.

मी खुर्च्या विणते. वेताच्या. बापानं शिकवलं.
मिशनच्या शाळेच्या, दवाखान्याच्या,
पालिकेतल्या जुन्या, पाठीला जाळी असलेल्या.
अमोसला मूठमाती देऊन नववा दिवस.
शिपाई एक खुर्ची खांद्यावर घेऊन आला,
कानूनगो साहेबांची, बैठक फाटलेली.
त्याच साहेबांनी लिहिलं होतं:
मयताचा विभागाशी संबंध नाही.

वेत तासायची सुरी हातात होती.
खोटं कशाला सांगू, सुरीनं मला विचारलं.
मग वाटलं, जाळी सैलच विणावी,
महिन्यात धसावी, साहेब आत, पाय वर,
सगळ्या दफ्तरानं बघावं.
रात्री अंथरुणात मी हसले
आणि त्या हसण्याची मला भीती वाटली.

रविवारी पाळक भालेराव क्षमेवर बोलू लागले.
मी उठले, बाहेर पायरीवर येऊन बसले.
खिडकीतून वाचन ऐकू येत होतं,
देवळातल्या सराफांचे चौरंग पालथे केले, ती गोष्ट.
सगळ्यांना चौरंगच आठवतात, नाण्यांचा खणखणाट.
मला त्या दिवशी त्याआधीचं ऐकू आलं:
त्यानं दोऱ्या घेतल्या, आणि कोरडा वळला.

वळला.
अहो, दोरी वळायला वेळ लागतो.
पेड सारखे घ्यावे लागतात, टोक दातांत धरावं लागतं,
घाई केली की उसवतं.
म्हणजे तो भडकून धावला नव्हता.
अंगणाच्या कडेला कुठंतरी बसला असेल,
सुताराच्या हातांचा माणूस,
आणि तेवढा वेळ राग बोटांतून उतरत राहिला.

सोमवारी मी साहेबांची खुर्ची घट्ट विणली.
एक फेरा चुकला तर सगळं सोडवून पुन्हा.
मला ते पडायला नको होते.
मला त्यांची सही हवी होती.

दोनशे पानी वही आणली. पहिलं नाव अमोस.
दुसरं, तिसरं सांगायला बायका आल्या,
सुखलियातून, पाटणीपुऱ्यातून,
कुणाचा नवरा, कुणाचा दीर,
एकीला मुलाचं नाव सांगताना
त्याचं घरातलं लाडाचं नावच आठवेना, ती उठून गेली,
आठवल्यावर परत आली.
अर्ज. पोच. अर्ज. पोच.
माझं अक्षर सुधारलं.

आणि फोन आला, कुठं माणूस उतरवतायत कळलं,
की मी एक खुर्ची डोक्यावर घेऊन निघते,
झाकणावर मांडते, बसते.
मौसी, हटो.
मशीन आलं की उठेन.
मशीन दुपारी येतं, कधी दिवेलागणीला.
एकदा आलंच नाही.
रात्री दीडला पाळक थर्मास घेऊन आले,
फुटपाथवर टेकले. क्षमेचं काही बोलले नाहीत.

राग गेला का, विचारतात.
प्रार्थनेत मी तो काढून घे म्हणत नाही.
बोटांत ठेव म्हणते, तोंडात नको.

काल एक पोरगा कमरेला दोरी बांधून उभा होता,
मिसरूडही धड फुटलेलं नाही.
चार वाजता मशीन आलं.
त्यानं दोरी सोडली, माझ्याकडे दिली,
चपला शोधल्या, पायांत घातल्या, गेला.
मी दोरी बोटांत फिरवून पाहिली.
पीळ कच्चा होता.
घरी आणली.