वजनावर

मकरपुऱ्याला, जीआयडीसीच्या मागच्या गल्लीत,
इद्रीसभाईच्या गोदामात तो सापडला.
फुटक्या मॉनिटरांच्या ढिगाखाली, काळा, वहीएवढा.
आत तळहात टेकतात तिथला रंग गेलेला,
कळफलकाच्या मधोमध ते लाल रबरी बोंड मात्र शाबूत.
"बेन, आ तो किलोना भावे जाय,"
म्हणत त्याने तराजूत टाकला.
एक किलो, वर शंभर ग्रॅम.
शेजारचा ढब्बू, चार किलोंचा,
त्याला चौपट आले असते.

मला हसू आलं.
अठ्ठ्याण्णव साली हा
हलका म्हणूनच महाग होता.
अमीनसाहेब दोन बोटांत धरून दाखवत:
"बघा, काही आहे का याच्यात?"
किंमत माझ्या दोन वर्षांच्या पगाराएवढी,
हे अकाउंट्सच्या सरपोतदारने व्हाउचर पाहून सांगितलं
तेव्हा आम्ही तिघी टाइप करायच्या थांबलो होतो.
मग पुन्हा सुरू झालो.
पंपांची कोटेशनं त्याच दिवशी जायची होती.

आणि होतंच काय त्यात?
सीडी नाही, फ्लॉपी नाही,
बॅटरी दोन तासांत मान टाकायची.
म्हणून एक रेक्झिनची पिशवी होती वेगळी:
फ्लॉपीचा डबा, खालची जोडपाटी,
जादाच्या दोन बॅटऱ्या, विटेसारखा चार्जर,
वायरींची गुंतवळ.
साहेब मुंबईला निघाले की
फलाट एकपर्यंत ती मी न्यायची.
ते पुढे, ब्रीफकेस झुलवत.
वजनदार माणूस, सगळे म्हणायचे.

आता गोरव्याच्या फ्लॅटमध्ये
झोपाळा काढून तिथे मी फळ्या ठोकल्यात.
कड्या अजून छताला आहेत.
फळ्यांवर बावीस यंत्रं. हा तेविसावा.
चालू केला तर आधी तारीख विचारतो.
आतला शेल मेलाय,
त्याच्या लेखी रोजच एक जानेवारी.
मग पासवर्ड.

एकदा फलाटावरून साहेबांनी फोनवर सांगितला होता,
एकेक अक्षर सुटं करून, गाडीच्या भोंग्यावर ओरडत.
कुणाला सांगायचा नाही, म्हणाले.
नाही सांगितला.
आज टाइप केला.
चूक.

म्हणजे हा तो नव्हे.
किंवा मी नोकरी सोडल्यावर
त्यांनी शब्द बदलला असेल.
स्टिकर खरवडलेला,
शेवटचे दोन आकडे तेवढे उरलेत,
आणि मला कुठे आठवतात ते.

रात्री नोंदवही काढली.
वजनाच्या रकान्यात एक किलो शंभर लिहिलं,
मग खोडलं.
चार्जर इद्रीसभाईने वर दिला होता,
भाजीवर कोथिंबीर द्यावी तसा.
कणीक मोजते त्या काट्यावर
तो ठेवला, पीठ झटकून.
चारशे ऐंशी.
जोडपाटी, डबा, बॅटऱ्या काही मिळालं नाही,
पिशवीही नाही.
त्यांचं अंदाजे लिहिलं,
उजव्या खांद्याला विचारून.