सहा चाळीसची भिंगरी

तार्तूत, नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत
माझं जुन्या कॅमेऱ्यांचं दुकान.
मार्चात, कडेला काळपट बर्फ अजून साचलेला असताना
माइमू कास्क आली. लिफाफ्यात चारशे दहा युरो,
मोजून, रबर लावून.
"पक्षी काढायचाय," म्हणाली. "एकच."

मी सवयीनं सुरू झालो.
कपाटातून उतरवली सहाशेची लेन्स,
दुधाच्या किटलीएवढी, पांढरीशुभ्र.
तिनं ती डोळ्याला लावली, श्वास धरला,
आणि शेजारणीचं तान्हं परत करावं तशी
अलगद माझ्या हातात दिली.
"एकतीस वर्षं बस चालवली मी.
हा खांदा अजून गिअरलाच अडकलाय."

सेन्सर केवढा, सेकंदाला फ्रेम किती,
पक्ष्याचा डोळा आपसूक हुडकणारा फोकस...
मी बोलत राहिलो, ती बटणं दाबत राहिली.
मग विचारलं एवढंच,
"आवाज होतो का याचा?"

शेवटी घेतला तो छोटा, झूम अंगातच असलेला,
न खटकता फोटो काढणारा.
कोपऱ्यात ओरखडा होता, म्हणून तीनशे ऐंशी.
"पडलाय वाटतं कुठे."
"मीही पडलेय," म्हणाली, आणि पट्टा गळ्यात घातला.

फोटो सुधारायच्या प्रोग्रॅमला दर महिन्याला पैसे
हे मात्र तिला पटेना.
"भिंगरी येते मेमध्ये, जाते ऑगस्टअखेर.
उरलेले आठ महिने मी भाडं कुणाचं भरू?"
मी फुकटातला एक टाकून दिला,
कागदावर पायऱ्या लिहिल्या मोठ्या अक्षरात.

कुणाच्या पायाला भिंगरी असते.
हिची थांब्याच्या छताला होती, चिखलानं चिकटवलेली:
पेइप्सी सरोवराकडे, शेवटचा थांबा,
जिथे ती रोज बस वळवायची.
आता तो मार्गच बंद आहे.
थांबा पाडायचं कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

जूनमध्ये कार्ड घेऊन आली. बाराशे चाळीस फोटो.
रिकामं आभाळ. शेपटीचं टोक. अर्धा पंख.
एकदा स्वतःचा अंगठा, अतिशय स्पष्ट.
आणि एक:
छताखालचा अंधार, त्यात चार पिवळ्या चोची,
आणि घरट्याच्या काठाला लटकलेली ती, घाईत.

अंधारामुळे सगळ्यावर रवा सांडल्यासारखा.
मी म्हटलं, हे जातं, बघा.
पट्टी सरकवली उजवीकडे, पार शेवटपर्यंत.
रवा गेला. फोटो लख्ख झाला.
डावीकडचा गंजका पत्राही कापून टाकला.

माइमू चष्मा काढून पडद्याजवळ गेली.
"हे घरटं प्लास्टिकच्या वाटीसारखं का दिसतंय?
एकेक गोळी चोचीतून आणली होती तिनं.
मी बघत होते. इंजिन बंद ठेवून."
मी पट्टी मागे आणली, थोडी, अजून थोडी,
रव्यासोबत चिखलाचे मणी परत येईपर्यंत.
"आणि तो पत्रा?"
"गंजलाय हो, नजर तिकडेच जाते."
"जाऊ दे ना. त्याच्यावर माझी वेळ आहे."

कापलेलं परत जोडलं. मोठं करून पाहिलं.
गंजाच्या दोन पापुद्र्यांमध्ये, पुसट निळ्यात,
सहा चाळीस.

सप्टेंबरच्या शेवटी पुन्हा आली,
गमबुटांना ओली वाळू.
एकच फोटो दाखवला: टेलिफोनची तार,
मागे सरोवर, पाणी कुठलं न् आभाळ कुठलं कळेना असं.
मी शोधलं. वर, खाली, कोपऱ्यात.
"पक्षी कुठाय?"
"गेले की मंगळवारी.
तारेचा फोकस बघ तू."

फोकस अचूक होता.
मी माऊस धरून बसलो होतो उगीच,
आणि ती काचेपलीकडची डबी दाखवून विचारत होती,
दुसरी बॅटरी केवढ्याला,
आणि थंडीत किती टिकते.