वजनवही

वार्डोत दोन महिने सूर्य उगवत नाही.
बेट उघडंबोडकं, झाड औषधालाही नाही.
वारा मात्र हवा तेवढा, फुकट.

त्या हिवाळ्यात मी तूरब्योर्गच्या माडीवर भाड्याने राहिले.
एकतीस वर्षं ती मासळीच्या कारखान्यात काट्यावर होती
(माशाच्या नव्हे, वजनाच्या).
कॉड हातात धरला की तिला किलो कळायचे,
माणसं त्याहून लवकर.

तिथे जेवून उठताना म्हणतात ताक्क,
बसमधून उतरताना ताक्क,
महिन्यापूर्वी भेटलेलं माणूस पुन्हा दिसलं
तर त्या मागच्या भेटीचंही ताक्क,
जुनी उधारी चुकती केल्यासारखं.
मी पहिल्याच रात्री हसले:
आमचंही जेवण ताकावरच संपतं!
तिला विनोद समजावून सांगेपर्यंत
बटाटे गार झाले.

ऐलिफ गेल्यापासून
ती ताक्क म्हणायची ते
कुलपात किल्ली फिरवावी तसं.
दवाखान्यातली सिन्नोव्हे म्हणाली,
रोज रात्री एक ओळ लिहा, आज काय बरं झालं ते.
"माझा नवरा वादळात नाही गेला,
न्हाणीघरात घसरून गेला.
यात बरं काय शोधू?"
सिन्नोव्हे गप्प बसली.
उत्तर नव्हतं म्हणून गप्प बसली,
एवढं मात्र तूरब्योर्गला पटलं.

घरी येऊन तिने कारखान्यातली जुनी वही काढली.
रकाने आयते आखलेले: माल. वजन. शेरा.

माल: काही नाही. वजन: शून्य. शेरा: वारा.
माल: काही नाही. वजन: शून्य. शेरा: तोच वारा.
असे नऊ दिवस.
मधे एकदा,
माल: राग. कठडा बसवतो, बसवतो म्हणत राहिला.
वजन: काटा पुरला नाही.

दहाव्या दिवशी,
माल: बर्फाळ पायऱ्यांवर वाळू.
वजन: एक बादली.
शेरा: कोणी टाकली?

मग तिला चैन पडेना.
दिवा मालवून पहाटेपासून खिडकीत.
सातला समोरचा एस्किल दिसला, पंधरा वर्षांचा,
कानात गाणी, हातात बादली,
चोरी करावी तसा वाळू पसरत होता.
तिने दार उघडलं.
"तेवीस तारखेच्या वाळूबद्दल ताक्क. आणि आजच्या."
पोरगा कानापर्यंत लाल.
मला म्हणाली, मोघम आभार म्हणजे
न तोलता विकलेली मासळी.
घेणाऱ्याला कळत नाही काय मिळालं,
देणाऱ्याला कळत नाही काय गेलं.

त्यानंतर वही भरू लागली.
कॉफीच्या डब्याचं झाकण पहिल्या हिसक्यात निघालं. वीस ग्रॅम.
दुकानातल्या मुलीने नावाने हाक मारली. नावाइतकंच.
जिना चढताना गुडघा विसरले. चौदा पायऱ्या.
भाडेकरणीने डाळ केली. दोन वाट्या.
शेरा: तिखट. तिसरी मागायला लाजले.

एकदा मी विचारलंच,
याने दुःख हलकं होतं का?
"छे. ते त्या पारड्यात आहे, तिथेच आहे.
मी ते उचलायला जात नाही.
पण रात्री वहीत मांडायचं काय, म्हणून
डोळे दिवसभर माल हुडकत हिंडतात.
आधी नुसती निसरडी जागा हुडकायचे."
एवढं बोलून ती भांडी घासायला उठली.

जानेवारीत सूर्य परतायचा दिवस आला.
शाळेतली पोरं टेकडीवर, हातात गोड पाव,
आम्ही दोघी त्यांच्या मागे, नाकं लाल.
ढग हलले नाहीत.
पोरांनी तरीही टाळ्या वाजवल्या,
पाव काही परत घेतले जाणार नव्हते.

त्या रात्री वही टेबलावर उघडीच राहिली होती.
वाचू नये, पण वाचली.

माल: सूर्य. आला नाही.
माल: धुवायला दोन कप.
वजन:

तिथे रकाना कोरा.
शेरा: उद्या पुन्हा तोलून बघते.