कारणाचा रकाना

मोती तबेल्याच्या फाटकाशी, लिंबाखाली माझं टेबल.
एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर,
वीज शेजारच्या झेरॉक्सवाल्याची, महिना दोनशे देऊन.
अर्ज मी हिंदीत टाइप करते
आणि पैसे मराठीत मोजते.

होतचंद आला तेव्हा साहेब यायचे होते,
चहा यायचा होता.
म्हणाला, ताई, जायचं आहे. पंधरा दिवस.
कुठे ते विचारलं नाही मी.
जयरामपुरातला माणूस या टेबलाशी येऊन
‘जायचं आहे’ म्हणतो
तेव्हा ते उज्जैन नसतं.

आई. कंधकोट. परवापासून लघवी बंद.
मोबाइल पुढे केला:
खाट, खाटेवर अजरक,
अजरकीखाली कुणी आहे
हे फक्त नाकावरून कळत होतं.

मी त्याची जुनी फाइल उघडली.
नऊ वर्षांपूर्वीची, याच टेबलावरची.
‘जान का खतरा होने से प्रार्थी
अपने मूल स्थान पर लौटने में असमर्थ है।’
हे वाक्य माझं आहे.
त्या दिवशी तो पाऊण तास बोलला होता,
दुकानाचं अर्धं ओढलेलं शटर,
मोटरसायकलवरचे दोघे,
चुलतभाऊ, जो पैसे भरल्यावर परत आला
पण बोलायचा थांबला तो थांबलाच.
मी म्हटलं होतं, भिया, एवढं मावत नाही.
एका ओळीत बसवलं.
पुढे सगळ्यांना तीच ओळ चालवली.
नाव बदलायचं, बापाचं नाव बदलायचं,
भीती तीच ठेवायची.

आता नवा अर्ज. यात्रा का कारण.
कर्सर लुकलुकतोय.
मला सांगावं लागलं त्याला,
डॉक्टर बाहेर बोलावून सांगतात तसं,
की हे दोन कागद एकाच फायलीत लागतील.
वरचा खालच्याला खोटं पाडेल.
कुणीतरी चष्मा पुसत विचारेल,
खतरा होता ना? मग त्याने काय पंधरा दिवसांची रजा घेतली?
परतीचा शिक्का मिळेल, नाही मिळणार.
आणि अटारीपलीकडे तर शिक्कासुद्धा कामाचा नाही.
ते दोघे आहेत अजून?
एक मेला, म्हणाला.
दुसरा निवडणुकीला उभा होता.

मग बराच वेळ प्रिंटरकडे बघत राहिला.
भीती जपावी लागते, ताई. लोणच्यासारखी.
ओला हात लागला की गेली.
(हे तो हिंदीत बोलला असणार.
मला मराठीत आठवतं.)

आमचे लोक होळकरांच्या फौजेमागून आले,
हिशेब लिहायला.
गावाचं नाव आता फक्त लग्नपत्रिकेत येतं.
मी तिथे गेले तर मला कुणी मारणार नाही,
कुणी ओळखणारही नाही.
हे त्याच्यासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

फोन वाजला. भावाने तिकडे आईच्या तोंडाशी धरला असावा.
होतचंद स्कुटरींच्या रांगेमागे गेला.
हा अमां. हा. न, अमां.
एवढंच ऐकू आलं, आणि एक हॉर्न.
परत आला तो हसत होता, वाईट हसणं.
म्हणते, येऊ नकोस.
तू आलास तर मला तुझी राखण करत बसावं लागेल,
मग मी मरू कधी?

रकाना कोराच राहिला.
तरी वीस रुपये ठेवून गेला, स्टेपलरखाली.

पुढच्या आठवड्यात मंगळवारी आला.
गॅसच्या कार्डावर पत्ता बदलायचा होता.
टोपी काढून घाम पुसला,
तेव्हा दिसलं.
मी काही बोलले नाही, तोही नाही.
कारण: मकान बदलना. टाइप केलं.
मग खिशातून फोटो काढत म्हणाला,
ताई, हा जुना आहे, यात केस आहेत.
चालेल?
चालेल, म्हटलं.
केस परत येतात.